जुन्या छपरावर नवे पॅनेल : फिरत्या घराचा विजेचा रोजमेळ

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, कॅलिफोर्नियाच्या सीमेपासून जवळच, क्वार्टझ्साइट नावाचे एक छोटे गाव आहे. उन्हाळ्यात तेथे फारसे कोणी फिरकत नाही. हिवाळा सुरू झाला, की मात्र भोवतालच्या वाळवंटात दूरदूरच्या राज्यांतून आलेली फिरती घरे रांगेने उभी राहू लागतात. तिकडच्या केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाने १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात दीर्घ मुक्कामासाठी तेथील मोकळी जमीन राखून ठेवली आहे. जागा ऐसपैस आणि आकाश निरभ्र असते; पण विजेची जोडणी नसते. ज्याने त्याने आपली वीज आपल्या छपरावर पिकवायची.

अशा फिरत्या घराला तिकडे ‘रिक्रिएशनल व्हेइकल’, थोडक्यात आरव्ही, म्हणतात. शयनाची जागा, स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, स्नानगृह असे सारे एका वाहनात सामावलेले असते. परदेशी स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांना या वाहनाची ओढ वाटावी, याचे कारण सहज समजण्याजोगे आहे. प्रवासात शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूणविरहित अन्न मिळणे तेथे कठीण. आपले स्वयंपाकघर आपल्याबरोबर असले, की नवकारशीपासून चौविहारापर्यंतचे सर्व नियम घरच्याप्रमाणे पाळता येतात. मायदेशातून आलेल्या आई-वडिलांनाही संकोच न बाळगता देश पाहता येतो.

अशा घराच्या छपरावर आधीपासून सौर पॅनेल बसवलेले असतात आणि ते अपुरे पडू लागतात, तेव्हा पुढे काय करावे? हा प्रश्न दिसतो साधा. आणखी दोन पॅनेल आणावेत, जुन्यांच्या शेजारी बसवावेत आणि तारा जोडून द्याव्यात, असेच कोणालाही वाटेल. परंतु विजेच्या व्यवहारात एक आणि एक मिळून नेहमीच दोन होत नाहीत. कधी दीड होतात, तर कधी हाती पस्तावाही येतो.

एका कुटुंबाचे उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक प्रातिनिधिक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. मुलगा आणि सून फिनिक्स शहरात नोकरीला आहेत. वडिलांनी अहिल्यानगरात धान्याची आडत सांभाळण्यात सारी हयात घालवली. आईला मधुमेह असून रोज इन्सुलिन घ्यावे लागते. आई-वडील हिवाळ्यात तिकडे जायचे ठरले, म्हणून मुलाने एक वापरलेली आरव्ही विकत घेतली. तिच्या छपरावर दहा वर्षांपूर्वी बसवलेले १०० वॅटचे दोन पॅनेल होते, २० अँपिअरचा साधा ‘पीडब्ल्यूएम’ कंट्रोलर होता आणि शिसे-आम्ल प्रकारच्या, १२ व्होल्टवर २२० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटऱ्या होत्या. आधीच्या मालकाने गॅसवर चालणारा मूळचा फ्रिज काढून त्याच्या जागी विजेवरचा बसवला होता; पॅनेल मात्र होते तेवढेच ठेवले होते.

डिसेंबरात चौघे क्वार्टझ्साइटच्या माळावर मुक्कामाला गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे फ्रिज बंद पडला. बॅटरीचा दाब मर्यादेखाली गेल्याने त्याने स्वतःच काम थांबवले होते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि आईचा दीड महिन्याचा साठा त्या फ्रिजमध्ये होता. उन्हे वर येण्याची वाट न पाहता त्यांनी गाडी फिनिक्सकडे वळवली.

घरी पोहोचताच मुलाने मोठ्या घरांच्या छपरांवर बसवतात तसे ४०० वॅटचे पॅनेल आणण्याचे ठरवले. वडील एवढेच म्हणाले, “घेऊ रे. पण आधी रोजमेळ मांड. किती येते आणि किती जाते ते कळल्याशिवाय माल भरू नये.”

जमा आणि नावे

रोजमेळ मांडला तो असा. फ्रिजला दिवसाकाठी सुमारे ६०० वॅट-तास लागत होते. दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप यांना १५०. फोन आणि लॅपटॉप यांना २००. पिण्यासाठी रोज तीन लिटर पाणी उकळून घेण्याचा घरचा नियम होता. तीन लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे २६० वॅट-तास उष्णता लागते. किटलीतील आणि इन्व्हर्टरमधील घट धरली, तर बॅटरीतून सुमारे ३५० वॅट-तास जातात. स्वयंपाक गॅसवर होत होता, म्हणून तो धरला नाही. एकूण खर्च १३०० वॅट-तास झाला.

आता जमेची बाजू. सौर पॅनेलची क्षमता वयानुसार हळूहळू घटते. वर्षाला सरासरी अर्ध्या टक्क्याच्या आसपास घट धरली जाते, म्हणजे दहा वर्षांत पाच टक्के. २०० वॅटचे १९० वॅट उरले. दक्षिण ॲरिझोनात डिसेंबरात आडव्या ठेवलेल्या पॅनेलला पूर्ण उन्हाच्या हिशेबाने जेमतेम तीन तास मिळतात. शिवाय जुन्या पद्धतीच्या कंट्रोलरमध्ये पॅनेलचा दाब बॅटरीच्या दाबापर्यंत खाली ओढला जातो. १८ व्होल्टवर ५.५ अँपिअर देऊ शकणारा पॅनेल १३ व्होल्टच्या बॅटरीला तेवढेच ५.५ अँपिअर देतो. ९९ वॅटचे ७१ वॅट होतात आणि उरलेली शक्ती वापरली जात नाही. असा सारा हिशेब केल्यावर दिवसाची जमा ४०० वॅट-तासांच्या आसपास निघाली.

रोजची तूट ९०० वॅट-तास. शिसे-आम्ल बॅटरीतील निम्मीच वीज वापरावी, असा संकेत आहे. त्या हिशेबाने या बॅटऱ्यांत वापरण्याजोगी शिल्लक सुमारे १३०० वॅट-तास होती. दीड दिवसात गंगाजळी संपणार हे उघड होते. फ्रिज तिसऱ्या पहाटे बंद पडला, यात बॅटरीचा दोष फारसा नव्हता. ती अर्धपोटी राहात होती. शिसे-आम्ल बॅटरी वारंवार अपुरी भरली गेली, तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर जमतात आणि तिचे आयुष्य घटते. पुरेसे पॅनेल जोडल्यास वीज वाढेल आणि जुन्या बॅटऱ्याही काही काळ अधिक टिकतील, एवढे या वहीवरून समजले.

जोडणी : एकसर की समांतर?

शालेय विज्ञानातील दोन नियम येथे कामास येतात. एकसर जोडणीत दाबांची बेरीज होते, पण प्रवाह सर्वांतून एकच वाहतो. समांतर जोडणीत प्रवाहांची बेरीज होते, पण दाब सर्वांवर सारखा राहतो. सगळे पॅनेल एकाच जातीचे असतील, तर दोन्ही मार्ग चालतात. जुने आणि नवे एकत्र आले, की घोटाळा सुरू होतो.

समजा, नवे दोन पॅनेल प्रत्येकी २०० वॅटचे, २० व्होल्टवर १० अँपिअर देणारे आहेत. जुने दोन १८ व्होल्टवर ५.५ अँपिअर देतात. चारही एकसर जोडले, तर दाब ७६ व्होल्ट होईल. पण प्रवाह सर्वांत दुबळ्या पॅनेलएवढा, म्हणजे ५.५ अँपिअरच राहील. सुमारे ६०० वॅटच्या जागी ४१८ वॅट हाती येतील. नव्या पॅनेलची जवळजवळ निम्मी शक्ती वाया जाईल.

चारही समांतर जोडले, तर प्रवाह सुमारे ३१ अँपिअर आणि दाब १८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे साडेपाचशेहून थोडे अधिक वॅट मिळतील. हे बरे दिसते. पण जुना कंट्रोलर २० अँपिअरचा आहे. त्याला हा भार पेलवणार नाही. छपरावरून उतरणारी जुनी १० गेजची तार साधारणपणे ३० अँपिअरपर्यंतच वापरतात. आठ मीटर अंतर असेल, तर जाता-येता सोळा मीटर तारेत ३१ अँपिअरला सुमारे दीड व्होल्ट दाब आणि ५० वॅट शक्ती नुसती तार तापवण्यात जाईल.

मुलाच्या मनातील ४०० वॅटचा मोठा पॅनेल तर याहून तोट्याचा ठरला असता. असे पॅनेल साधारण ३२ व्होल्टवर साडेबारा अँपिअर देतात. ते १८ व्होल्टच्या जुन्या पॅनेलशी समांतर जोडले, की दाब १८ वर उतरतो आणि ४०० पैकी सुमारे २२५ वॅटच मिळतात. त्यातही कंट्रोलर जुनाच ठेवला, तर १३ व्होल्टच्या हिशेबाने १६० वॅटच्या आसपास. दाम पूर्ण मोजायचा आणि माल निम्म्याहून कमी पदरात पडायचा.

दोन खाती, एक तिजोरी

या पेचातून सुटण्याचा मार्ग वडिलांच्या परिचयाचा होता. दोन वेगळ्या प्रकारच्या व्यवहारांना एकाच खात्यात कोंबू नये. खाती दोन ठेवावीत, तिजोरी एक असावी. जुने पॅनेल जुन्याच कंट्रोलरवर राहू द्यावेत. नव्या दोन पॅनेलना त्यांचा स्वतंत्र कंट्रोलर द्यावा आणि तो ‘एमपीपीटी’ प्रकारचा असावा. हा कंट्रोलर पॅनेलला त्याच्या सोयीच्या दाबावर चालवतो आणि जास्तीचा दाब प्रवाहात बदलून बॅटरीला देतो. दोन्ही कंट्रोलर एकाच बॅटरीला जोडता येतात. मात्र दोघांच्या भरणदाबाच्या मर्यादा सारख्या ठेवाव्यात आणि प्रत्येकाचा फ्यूज स्वतंत्र असावा.

नवे दोन पॅनेल आपापसांत एकसर जोडले, की ४० व्होल्ट आणि १० अँपिअर होतात. तारेतून १० अँपिअरच वाहिल्याने तिच्यातील घट ५ वॅटवर येते. कंट्रोलरपासून बॅटरीकडे मात्र ३० अँपिअर वाहतात; म्हणून तेथली तार जाड आणि आखूड हवी आणि बॅटरीजवळ ४० अँपिअरचा फ्यूज हवा. बॅटरी किती वेगाने भरावी, यालाही सीमा असते. शिसे-आम्ल बॅटरीत क्षमतेच्या १० ते २० टक्के, म्हणजे येथे २२ ते ४४ अँपिअर. जुन्या-नव्याची बेरीज ४१ होते. ती या सीमेत बसते, पण वरच्या टोकाला. आणखी पॅनेल चढवण्यास या बॅटऱ्यांबरोबर वाव नाही, हेही त्यातच कळते.

नव्या खात्याची जमा दिवसाला सुमारे १००० वॅट-तास धरली, तर जुनी ४०० मिळून १४०० होते. खर्च १३००. शिल्लक थोडीच; पण वही तुटीतून बाहेर आली. आणखी एक सोय फुकटात होण्यासारखी आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास क्वार्टझ्साइटला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून केवळ ३३ अंश वर असतो. आडव्या पॅनेलवर ऊन तिरपे पडते. मुक्कामी असताना पॅनेल दक्षिणेकडे उचलून धरणारे पाय बसवले, तर स्वच्छ हवेत हिवाळी उत्पन्न दीडपटीच्या आसपास जाऊ शकते. निघताना ते पुन्हा आडवे करून घट्ट करण्याची आठवण तेवढी ठेवली पाहिजे.

ज्या चुका महागात पडतात

पहिली चूक थंडीची. थंडीत पॅनेलचा दाब वाढतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पॅनेलवर छापलेले आकडे २५ अंश सेल्सिअसचे असतात. त्याखाली प्रत्येक अंशामागे दाब साधारण ०.३ टक्के वाढतो. उणे १० अंशांच्या सकाळी ही वाढ दहा टक्क्यांच्या वर जाते. भार नसताना २४ व्होल्ट देणारे चार पॅनेल एकसर जोडले, तर कागदावर ९६ व्होल्ट दिसतात. १०० व्होल्टच्या कंट्रोलरला ते चालतील असे वाटते. प्रत्यक्षात त्या सकाळी १०६ व्होल्ट होतात आणि कंट्रोलर कायमचा निकामी होतो. ॲरिझोना म्हणजे केवळ वाळवंट नव्हे. फ्लॅगस्टाफ परिसर २१०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हिवाळ्यात बर्फ पडतो.

दुसरी चूक फ्यूजची. तीन किंवा अधिक पॅनेल समांतर असतील आणि त्यांतील एकात बिघाड झाला, तर बाकीच्यांचा प्रवाह उलटा त्याच्यात शिरतो. प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज नसेल, तर तारा पेटू शकतात. लाकूड, फोम आणि प्लास्टिक यांनी बनलेल्या वाहनात ही ठिणगी किती घातक, हे सांगणे नको. पॅनेलच्या टोकांचे जोडही एकाच बनावटीचे असावेत. वरून सारखे दिसणारे निराळ्या बनावटीचे जोड आतून सैल राहतात आणि तापतात.

तिसरी चूक बॅटरीची. जुन्या बॅटरीला नवी बॅटरी जोडू नये. जुनी नवीलाही आपल्याबरोबर खाली ओढते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी असते आणि तिच्यातील बरीचशी वीज वापरता येते. पण शून्य अंशाखाली तिला भरणे हानिकारक असते. तिला जुन्या कंट्रोलरची शिसे-आम्लाची सेटिंग्ज लागू पडत नाहीत आणि इंजिनवरून भरण्यासाठी मध्ये वेगळा चार्जर लागतो. म्हणजे ती घेण्याचा निर्णय हा एका वस्तूचा निर्णय नसतो.

काम करतानाचे पथ्यही सांगितले पाहिजे. ऊन असेपर्यंत पॅनेल बंद करता येत नाही, म्हणून त्यावर जाड कापड झाकूनच तारा जोडाव्यात. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडावी आणि नंतर पॅनेल. काढताना उलट क्रमाने. पॅनेल आणि छप्पर यांत हवा खेळण्यास जागा ठेवावी. वातानुकूलन यंत्राची वा झरोक्याची सावली पॅनेलवर पडणार नाही, असे पाहावे. छपराला पाडलेले प्रत्येक छिद्र सीलंटने बंद करावे, नाहीतर पावसाचे पाणी आत मुरून छप्पर कुजते. ज्याला याचा सराव नाही, त्याने हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

जुन्याला रजा द्यावी काय?

नवे आणताना जुने उतरवून टाकावे, हा विचार मुलाच्या मनात आला होताच. दहा वर्षांचा पॅनेल टाकाऊ असतोच असे नाही. त्याची परीक्षा सोपी आहे. काच तडकली आहे का, आतील पट्ट्या काळवंडल्या आहेत का, मागील जोडपेटीत पाणी शिरले आहे का, हे पाहावे. मग भर उन्हात मल्टिमीटरने दाब आणि प्रवाह मोजून पाठीमागे छापलेल्या आकड्यांशी ताडून पाहावे. थोडीच घट असेल, तर तो ठेवावा. जोडपेटी जळालेली वा काच फुटलेली असेल, तर मात्र मोह न धरता काढावा. काच, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि जोडकामातील थोडे शिसे असे त्याचे घटक असतात. तो उकिरड्यावर टाकणे कोणत्याच जिवाच्या हिताचे नाही. पुनर्वापर करणाऱ्या केंद्राकडेच द्यावा.

या कुटुंबाचे जुने पॅनेल परीक्षेत उतरले. ते आपल्या जागी राहिले.

सूर्याबरोबर चालणारे घर

वहीतून आणखी एक गोष्ट पुढे आली आणि ती जैन वाचकाला विशेष वाटावी. आसपासच्या फिरत्या घरांत दिवे, स्वयंपाक आणि गरम पाणी यांचा मुख्य खर्च सूर्यास्तानंतर सुरू होतो. दिवसाची वीज साठवून रात्री खर्च करायची, तर मोठ्या बॅटऱ्या लागतात आणि साठवण्यातही काही वीज खर्ची पडते. या कुटुंबात सकाळचा आहार नवकारशीनंतर होई आणि डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळण्यापूर्वी चौविहार होई. मग पाणी उकळण्याचे कामही सुनेने सकाळऐवजी भर दुपारवर नेले. एकदम मोठी शेगडी न चालवता ६०० वॅटच्या लहान किटलीत लिटर-लिटर पाणी तापवले, म्हणजे त्या वेळी छपरावर येणारी वीज थेट कामी येते आणि बॅटरीवर एकाएकी भार पडत नाही. रात्री उरतो तो फ्रिज आणि एखादा दिवा.

म्हणूनच अधिक बॅटऱ्या घेण्याची गरज त्यांना भासली नाही. रात्रिभोजनत्यागाचे प्रयोजन अहिंसा हे आहे. विजेची बचत हा त्याचा हेतू नव्हे. परंतु जे घर सूर्याबरोबर जेवते, त्या घराला सूर्याची वीज पुरवून वापरणे सोपे जाते, हे वहीतील आकड्यांनीच दाखवले.

श्रावकाच्या व्रतांत परिग्रहाचे परिमाण आहे, भोगोपभोगाचेही परिमाण आहे. परिमाण ठरवायचे, तर आधी मोजावे लागते. छपरावर किती पॅनेल मावतात, हा प्रश्न मुलाने प्रथम विचारला होता. रोजमेळानंतर किती पुरतात, हा प्रश्न आला आणि त्याचे उत्तर दोन असे निघाले.

फेब्रुवारीत ते चौघे पुन्हा त्याच माळावर गेले आणि दहा दिवस राहिले. मध्ये दोन दिवस आभाळ भरून आले, तेव्हा लॅपटॉप मिटून ठेवला आणि पाणी गॅसवर उकळले. फ्रिज चालू राहिला. आईचे इन्सुलिन जागच्या जागी होते. वडिलांनी रोज सायंकाळी, सूर्य मावळण्यापूर्वी, मीटरवरचा आकडा पाहून वहीत उतरवला आणि खाली शिल्लक काढली.